तिसऱ्या पानावरचा अंगठा

दार ओढून घे रे, वारा येतोय. आणि ते मोबाइल उलटे ठेवा. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर उठा आणि झोपा जाऊन. मला कुणाची मनधरणी करायची सवय नाही.

ही आपली पोरगी उद्या कोर्टात स्टेनो म्हणून रुजू होणार. सकाळपासून घरात एकच कौतुक चाललंय. पंख्याखालची नोकरी, खुर्चीची नोकरी, जन्माची काळजी मिटली. मिटू दे. नोकरी वाईट नाही. पण शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तीस वर्षं रोज चढलो, त्यावरून माझं शहाणपण ओळखा. अक्षर मला जेमतेम वाचता येतं. पण कोर्टात काय होतं ते कळायला अक्षर लागत नाही.

तेव्हा ऐक, पोरी. तुझ्याच कामाचं आहे.

आमच्या कोर्टात एक स्टेनो होता. त्याला सगळे पेन्सिल म्हणायचे. वाळकी अंगकाठी, टोकदार नाक, आणि कानावर कायम पेन्सिल. घरी जेवायला बसला तरी ती तिथंच असते, असं त्याची बायको सांगायची. हात असा की बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत याच्या वहीत उतरलेलं. तुमचे ते आकडे, मिनिटाला इतके शब्द नि तितके शब्द, ते मला सांगू नका. वकील घसा खरवडून थकायचे, हा थकायचा नाही, एवढं मला माहीत.

आणि तोंड? तोंड नाहीच. तो स्वतःच म्हणायचा, "स्टेनोला दोन कान आणि एक हात असतो. तोंड लावायचं देव विसरला." यावर सगळे हसायचे. त्यालाही त्याचा अभिमान होता. एवढ्या वर्षांत भरल्या कोर्टात त्यानं एक शब्द काढला नव्हता. तेच पुढं अंगाशी आलं.

आता काम कसं चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे मध्ये मध्ये 'का, कसं' करायला नको. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो. जज्जसाहेब ते ऐकतात आणि नीट शब्दांत सांगतात. साहेब सांगतात तेवढंच स्टेनो लिहितो. वकील आपसात भांडायला लागले की पेन्सिल खाली. भांडण लिहायचं नसतं. शेवटी सगळं टाइप होतं, साक्षीदाराला वाचून दाखवायचं, तो म्हणाला 'बरोबर' की प्रत्येक पानावर त्याची सही नाहीतर अंगठा. हा झाला कायदा.

आणि रिवाज? संध्याकाळ झालेली, सगळ्यांना घरी जायचंय. कॉम्प्युटर शेवटच्या पानाच्या तळाशी आपोआपच छापतो, 'वाचून दाखवले, बरोबर असल्याचे कबूल.' वाचणारा वाचत नाही, ऐकणारा ऐकत नाही, आणि कबूल मात्र सगळे. शंभरातल्या नव्वदांचं असंच चालतं. काही बिघडत नाही.

नव्वदांचं बिघडत नाही.

तर त्या वर्षी एका खुनाचा खटला चालू होता. बाजारातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारा एकटा म्हातारा राहायचा, त्याचं डोकं फोडलेलं सापडलं. आरोपी म्हणून धरला एक कुलूपवाला. किल्ल्या बनवणारा गरीब माणूस. त्याचा एक पाय लहानपणापासून लुळा, काठीशिवाय चालता येत नव्हतं. पिंजऱ्यातही तो कठड्याला रेलून उभा राहायचा. त्याची बायको रोज यायची आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर किल्ल्यांची पेटी मांडीवर घेऊन बसायची. धंदा बंद तर पोट बंद. येणाजाणाऱ्याला विचारायची, किल्ली बनवायची का. खुन्याच्या बायकोकडून किल्ली कोण बनवून घेणार?

साक्षीदार एकच. इस्त्रीवाली म्हातारी.

तिचं टेबल त्याच इमारतीच्या जिन्याखाली. तिचा जन्म त्या जिन्याखाली गेला. तोंड कपड्यात, कान जिन्याकडे. पायरवावरून माणूस ओळखायची. हा उधारीवाला, हा पोस्टमन, ही दुसऱ्या मजल्यावरची सून रुसून माहेरी चालली. तिनं सांगितलं की त्या संध्याकाळी करड्या शर्टाचा माणूस वर गेला, मग आरडाओरडा ऐकू आला, मग तो खाली उतरून गेला. तोंड दिसलं नाही. हातात पिशवी होती.

"पिशवी कुणाची?" सरकारी वकिलानं विचारलं.

"कुलूपवाल्याच्या पिशवीसारखी होती," म्हातारी म्हणाली.

झालं. आरोपीचा वकील इतका वेळ खाली मान घालून मोबाइल बघत होता, तो ताडकन उठला. 'सारखी' म्हणजे काय, म्हणून याचा आवाज. तुम्ही तोंडात शब्द कोंबू नका, म्हणून त्याचा आवाज. साहेब टेबल बडवतायत. पेन्सिलनं पेन्सिल खाली ठेवली.

आणि त्या गोंधळात म्हातारी पिंजऱ्यातून वाकली. पेन्सिलची खुर्ची पिंजऱ्याला लागूनच. तिला वाटलं असेल, लिहितो हा, म्हणजे खरा साहेब हाच. ती त्याच्याकडे बघून म्हणाली,

"पण उतरताना तो दोन-दोन पायऱ्या टाकत गेला, साहेब. दणादणा."

काय रे, समजलं का काही? लुळा पाय, हातात काठी, आणि दोन-दोन पायऱ्या? हां. पेन्सिललाही समजलं. लगेच समजलं. त्यानं मान वर करून साहेबांकडे बघितलं. साहेब वकिलांना झापत होते. बाकी कुणीच ऐकलं नव्हतं.

मग साहेब म्हणाले, "पुरे. पुढे." पेन्सिलनं पेन्सिल उचलली आणि पुढचं लिहिलं.

नुसता उभा राहून 'साहेब, बाई काहीतरी म्हणाली' एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार माणसं हसली असती. पण स्टेनोला तोंड नसतं ना.

संध्याकाळी पानं छापून आली. गरम गरम पानं, एकाला एक चिकटलेली. पेन्सिलनं शाईचा पॅड पुढं सरकवला. "लावा मावशी अंगठा. डावा."

म्हातारी म्हणाली, "वाचून दाखवा ना आधी. मी बोलले ते सगळं आलं का बघू दे."

"सगळं आलंय."

"ते जिन्याचं?"

पेन्सिल म्हणाला, "सगळं आलंय, मावशी. लावा. तुम्हालाही उशीर होतोय."

तिनं लावला. तो ठसा बघून शेजारच्या कारकुनानं चेष्टा केली, "मावशी, अंगठ्याला पण इस्त्री मारून आणलीत की काय?" कारण ठशात रेषाच नव्हत्या. इस्त्री तापली का बघायला ती अंगठा जिभेला लावून इस्त्रीला टेकवायची. चर्र झालं की तापली. जन्मभर तेच. रेषा सगळ्या जळून गेलेल्या, गुळगुळीत चकती, आणि मधोमध भाजल्याचा एक तिरपा वण. कागदावर नुसता काळा डाग आणि त्यात एक तिरपी पांढरी रेघ. असा ठसा दुनियेत दुसरा नसेल.

आणि त्या चिकटलेल्या पानांत तिसरं पान तसंच राहून गेलं. अंगठा न लावता.

ते सापडलं कधी? निकालाच्या आदल्या दिवशी. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार, दुपारी. साहेबांनी पेन्सिलला आत बोलावलं, पान दाखवलं. ते पान नेमकं पिशवीचं.

साहेबांनी विचारलं, "हे राहिलं कसं? साक्ष वाचून दाखवली होती ना बाईला?"

त्या वेळी तरी तोंड उघडायचं. उघडलं. पण काय बोलला? "हो साहेब. शब्दन् शब्द."

"मग उद्या सकाळी या पानावर तिचा अंगठा पाहिजे."

साधं काम. साक्षीचे सगळे कागद पिशवीत, पॅड खिशात. संध्याकाळी पेन्सिल बाजाराकडे निघाला. वाटेत बायकोचा फोन आला, येताना साबण आणा, त्यालाही हो म्हणाला. जिन्याखाली दिवा होता. पण टेबलापाशी म्हातारी नव्हती, तिचा मुलगा इस्त्री करत होता.

"मावशी कुठायत?"

मुलानं इस्त्री उभी केली. म्हणाला, "आई गेली. दोन आठवडे झाले. छातीत कफ झाला होता, तो उतरलाच नाही."

पेन्सिल तिथंच स्टुलावर बसला. मुलगा पिशवीतल्या कागदांकडे बघत म्हणाला, "तुम्ही कोर्टातले का? शेवटी शेवटी तिचं एकच चाललं होतं. त्या लिहिणाऱ्या साहेबांनी जिन्याचं लिहिलं का, विचारून ये. मी म्हटलं, बरी हो, मग तूच विचार. तुम्हीच का ते?"

पेन्सिल म्हणाला, "नाही. ते दुसरे."

आता त्याच्या जागी बसून बघा. बाई मेली म्हणून सांगितलं तर उद्या भर कोर्टात विचारणार, वाचून दाखवलं होतं का. साहेबांना तर सांगून बसलेला, शब्दन् शब्द. खोटं पकडलं तर नोकरी गेली. घरी बायको, दोन लेकरं, आंधळी आई. आणि न सांगावं तर एक बोट लावायचा खेळ. अंगठा कोण तपासतो?

साबण विसरला. घरी न जाता कोर्टात परत आला.

रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फाटकावर रखवालदार होता, त्याला म्हणाला, टायपिंग राहिलंय. रखवालदारानं कुलूप काढून दिलं. एवढ्या रात्री कसलं टायपिंग, म्हणून तो कुरकुरला. पण पेन्सिल खोटं बोलायचा नाही अशी त्याची ख्याती.

"तो रखवालदार म्हणजे तुम्हीच ना?"

रखवालदार गोष्टीत फाटकावर आहे, तू त्याला तिथंच बसू दे. मध्ये बोलू नकोस.

स्टेनोची खोली वरच्या मजल्यावर, कोर्टाच्या दालनाला लागून. खोलीतून बाहेर पडायचं तर दालनातूनच, दुसरी वाट नाही. पेन्सिलनं आपल्या टेबलावरचा दिवा लावला. दालनात अंधार ठेवला. काम दोन मिनिटांचं. तिसरं पान समोर घेतलं. पॅड उघडला. डावा अंगठा शाईत दाबला.

तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं.

जड पाऊल. एक पायरी. थांबलं. मग दुसरी. रखवालदार असेल म्हणून पेन्सिलनं हाक मारली, "काय हो, मी आहे अजून." उत्तर नाही. पाऊल वर येत होतं. मधल्या वळणावर ते थांबलं आणि कुणीतरी खोकलं.

ओला खोकला. छातीत कफ असलेला.

त्या दुपारी साक्ष चालू असताना दर दोन वाक्यांना तो खोकला त्यानं ऐकला होता. खोकला लिहायचा नसतो. त्यानं लिहिला नव्हता. पण कानाला पाठ होता.

पाऊल वर आलं. दालनाचं दार वाजलं नाही. पण पाऊल आत आलं. बाकांमधून. सावकाश. पुढं. मग फळी करकरली.

पिंजऱ्यातली फळी. एकच फळी सैल होती, साक्षीदार उभा राहिला की करकरायची. सुताराला तीनदा सांगून झालं होतं. पेन्सिल त्या फळीच्या हातभर अंतरावर जन्म काढत होता. दुसऱ्या कशाचा आवाज तो नव्हता.

मग काहीच नाही.

ती शांतता त्याला ओळखीची होती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून प्रश्नाची वाट बघतो ना... ती.

अंगठ्यावरची शाई वाळत चालली. पळायचं तर पिंजऱ्यावरून.

"वाचा," अंधारातून आवाज आला.

नुसतं एवढंच. रागानं नाही. दुकानात उभं राहून साखर द्या म्हणावं तसं.

पेन्सिलनं पहिलं पान उचललं. दिव्याखाली धरलं. वाचायला लागला. "मी इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचं काम करते."

"हं."

"घटनेच्या दिवशी संध्याकाळी मी कामावर होते."

"हं."

"करडा शर्ट घातलेला एक इसम जिन्यानं वर गेला."

"हं."

वाक्यामागून वाक्य. हं... हं... पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसरं पान हातात घेतलं.

"त्याच्या हातातील पिशवी आरोपीच्या पिशवीसारखी होती."

...

त्यानं वाट बघितली. परत वाचलं. "पिशवीसारखी होती."

...

"मावशी..."

"पुढं?"

पुढं काय होतं ते या जगात दोघांनाच माहीत. त्यातली एक मेलेली.

"पुढं त्याचं काही नाही," पेन्सिल म्हणाला.

"मी बोलले."

"साहेबांनी सांगितलं नाही. साहेबांनी सांगितलं नाही ते मला लिहिता येत नाही, मावशी."

"तुम्ही ऐकलं."

...

"ऐकलं ना?"

समोर कागद होता. कानावर पेन्सिल होती. एक ओळ. समासात एक ओळ लिहायची आणि सकाळी जाऊन साहेबांना खरं सांगायचं. पेन्सिलचा हात कानाकडे गेला. असं त्यानं पुढं शपथेवर सांगितलं. गेला होता म्हणे. मग त्याला साहेब दिसले. शब्दन् शब्द म्हटलेलं आठवलं. आई आठवली. हात परत खाली आला.

आणि त्यानं डावा अंगठा त्या पानावर दाबला.

चर्र.

तापलेल्या इस्त्रीला ओला अंगठा लागावा तसं. आग खांद्यापर्यंत गेली. त्यानं हात ओढला. खोलीत करपलेल्या कापडाचा वास. पानावर ठसा. काळा, स्पष्ट, सगळ्या रेषांसकट.

दालनात फळी करकरली. पिंजऱ्यातून कुणीतरी उतरलं. दारापर्यंत पावलं सावकाश गेली. तिथं थांबली. थांबली... आणि मग जिना उतरायला लागली.

दणादणा.

दोन-दोन पायऱ्या.

पेन्सिलनं पानं गोळा केली, दिवा मालवला. खाली आला तेव्हा भिंतीला धरून, एकेक पायरी. फाटकावरचा रखवालदार त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "अहो, आत्ता घटकेपूर्वी कोण उतरलं मग? मला वाटलं तुम्हीच उड्या मारत आलात. बघतो तर कुणी नाही."

"वर कुणाला सोडलं होतंस का?" पेन्सिलनं विचारलं.

"कुणालाच नाही."

पेन्सिल घरी गेला. साबण का नाही आणला म्हणून बायको ओरडली, तेव्हा त्याला बरं वाटलं म्हणे. माणसाचा आवाज.

सकाळी कोर्टाच्या दारात हजेरीचं मशिन. अंगठा टेकवला की नाव घेतं. पेन्सिलच्या उजव्या अंगठ्याला पेन्सिल धरून घट्टा पडलेला, म्हणून त्यानं पहिल्यापासून डावा दिला होता. टेकवला. मशिन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. पुसून टेकवला. पुन्हा प्रयत्न करा. मागं रांग तुंबली. एकजण म्हणाला, "काय पेन्सिल, रात्रीत झिजलास का?"

त्यानं अंगठा उजेडात धरला. रेष नाही. एकही नाही. गुळगुळीत.

त्यानं मूठ मिटली. हेडक्लार्क म्हणाला, भाजलंय वाटतं, नवा घेऊ. मशिनीतला जुना अंगठा पुसून टाकला. नवा मशिन घेईना. शेवटी वहीत सही करायला लावली.

त्याच दुपारी निकाल लागला. कुलूपवाल्याला जन्मठेप. तिसरं पान साहेबांनी बघितलं, ठसा बघितला, मान हलवली. निकालाचा शब्दन् शब्द पेन्सिलनं लिहून घेतला. हात चालत होता. कुलूपवाला खाली उतरताना काठी घसरली, पोलिसांनी त्याला दोन्ही बगलांत धरून नेलं. ते काही लिहायचं नसतं.

त्याची बायको दुसऱ्या दिवशीही पायऱ्यांवर येऊन बसली. आता कशाला, कुणी विचारलं, तर म्हणाली, "घरी बसून काय करू?" पेन्सिलला रोज तिच्यासमोरूनच जावं लागायचं. तो वर बघत जायचा. रात्री अंगठा भाजत राहायचा, पाण्याच्या भांड्यात बुडवून झोपायचा. उन्हाळा असा काढला. मग एक दिवस पायऱ्या चढताना बाई त्याला म्हणाली, "साहेब, किल्ली बनवायची का? आता मलाच येते."

तो तडक आत गेला. साहेबांसमोर उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा भरल्या कोर्टात बोलला. वाचून दाखवलं नव्हतं. बाई जिन्याचं बोलली होती, मी ऐकलं होतं. तिसऱ्या पानावरचा अंगठा माझा आहे. बाकीच्या पानांवरचे तिचे.

गडबड उडाली. चौकशी बसली. ठसे तपासणारा तज्ज्ञ आला, चष्म्यावर दुसरा चष्मा लावणारा. त्यानं पेन्सिलच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली, कोऱ्या कागदावर टेकवला, साक्षीची पानं घेतली आणि आठवडाभर नाहीसा झाला.

मग साहेबांनी पेन्सिलला बोलावून अहवाल वाचून दाखवला. हो. तो मात्र वाचून दाखवला. तिसऱ्या पानावरचा ठसा या माणसाचा नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या पानांवरचे ठसे या माणसाचे आहेत. शंका नाही.

"मग मला खोटं का सांगितलंस?" साहेब म्हणाले. "एक तुझा आणि बाकीचे तिचे म्हणालास. इथं तर उलटं आहे."

पेन्सिलनं तोंड उघडलं. मिटलं. काय सांगणार?

वरच्या कोर्टानं साक्ष बाद धरली. स्टेनोनंच अंगठे मारले, त्या साक्षीला काय अर्थ? साक्षीदार तेवढीच होती. कुलूपवाला सुटला. पायऱ्या एकेक करत उतरला, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला बायको. किल्ल्यांची पेटी तिच्या डोक्यावर. वर कुणाकडे बघितलं नाही दोघांनी.

आणि पेन्सिल गेला आत. खोटे ठसे केले म्हणून. जो केला त्यासाठी नव्हे, जे केले नाहीत त्यांच्यासाठी. शिक्षा भोगत असताना त्याची आई गेली. सुटून आल्यावर त्याला मी एकदा भेटलो. कानावर पेन्सिल नव्हती. काय झालं ते सगळं त्यानं सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मग मूठ उघडून अंगठा माझ्या तोंडासमोर धरला. गुळगुळीत चकती. आणि मधोमध तिरपा वण. भाजलेला. जुना. पन्नास वर्षांचा असावा तसा.

"मग आजोबा, तिसऱ्या पानावरचा अंगठा कुणाचा?"

पोरी, तोच प्रश्न साहेबांनीही तज्ज्ञाला विचारला होता. तज्ज्ञानं ते पान उजेडात धरलं. रेषा स्पष्ट, एकेक मोजून घ्यावी अशी. पोलिसांच्या दप्तरातले सगळे ठसे लावून बघितले. कोर्टातल्या सगळ्यांचे घेतले, पट्टेवाल्यांचे, रखवालदाराचेसुद्धा. एकही जुळला नाही.

अहवालात शेवटी लिहिलंय तसंच. फाइल अजून खालच्या खोलीत आहे, उद्या तुझ्या हाताखाली येईल कधीतरी.

तो ठसा कुणाचाच नाही.